कंदिलाचं एकच बटण

दिवाळीला खिडकीत टांगायचा आकाशकंदील यंदा घरीच बनवायचा विचार असेल, तर कामट्या किती जाड असाव्यात आणि जिलेटीन कागद सुरकुत्या न पडता कसा चिकटवायचा हे तुमचे आजी-आजोबा व्हिडिओ कॉलवर माझ्यापेक्षा बरं सांगतील. मी इथे फक्त त्याच्या बटणाबद्दल लिहिणार आहे. कंदिलाला एकच बटण. दाबून धरलं की तो लागतो. पुन्हा दाबून धरलं की मालवतो. आणि मालवायला कोणी विसरलं तर तीन तासांनी तो आपला आपण मालवतो, तोही असा की त्यानंतर सेलमधून जवळजवळ काहीच वीज जात नाही.

मी राहते त्या मिल्टन कीन्समध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. बाहेर वारा आणि पाऊस, म्हणून कंदील काचेच्या आत टांगायचा. भाड्याच्या घरात भिंतीवर वायर ठोकता येत नाही, खिडकीपाशी सॉकेट असेलच असं नाही. म्हणजे आले सेल. आणि सेल आले की हिशेब आला.

आता तुम्ही म्हणाल, मग साधा सरकता खटका लावा ना! बरोबर आहे तुमचं. खटक्यासारखा प्रामाणिक भाग दुसरा नाही. आत दोन पत्रे एकमेकांपासून दूर होतात, मध्ये हवा राहते, वीज शून्य. ज्यांचं तेवढ्यावर भागतं त्यांनी खुशाल खटका वापरावा. अडचण एवढीच की खटका फक्त बोटाचं ऐकतो. तीन तास झाले हे कंदिलातल्या प्रोग्रामला कळलं, तरी तो खटका सरकवू शकत नाही. आपल्याला असं काहीतरी हवंय जे चालू करेल माणूस, पण बंद करायचा अधिकार दोघांनाही असेल, माणसाला आणि प्रोग्रामलाही. चालू करण्याच्या बाबतीत प्रोग्रामचं काहीच चालत नाही, कारण वीज गेल्यावर तो उरतच नाही. जो नाहीच, तो स्वतःला जागं कसं करणार?

हिशेब मांडू. कंदिलात डब्ल्यूएस२८१२बी जातीचे वीस एलईडी आहेत, म्हणजे ज्यांचा रंग एकाच तारेवरून एकेकट्याला सांगता येतो ते. ते चालवायला एटीमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर, जो आर्डुइनो उनोच्या बोर्डावर असतो तोच, पण इथे सुटा. वीज देणारे तीन एए अल्कलाइन सेल, एकापुढे एक, म्हणजे साडेचार व्होल्ट. मंद पिवळसर उजेडाला एका एलईडीमागे दहा मिलिअँपियर धरले तर वीस एलईडींचे २०० झाले. चांगल्या सेलची साठवण साधारण २००० मिलिअँपियर-तास धरा. दहा तास उजेड. रोज तीन तास लावला तर तीन संध्याकाळी निघतात, वसुबारस ते भाऊबीज दोन संचांत भागतं. पण एका रात्री मालवायला विसरलात तर सकाळी सेल गेलेले. वेळेवर आपोआप बंद होणं इथे चैन म्हणून नको आहे, त्याच्याशिवाय हा कंदील परवडतच नाही.

इथे बऱ्याच जणांना सोपी वाट सुचते. मायक्रोकंट्रोलरला झोपवता येतं ना! एटीमेगा गाढ झोपेत एका मायक्रोअँपियरपेक्षाही कमी वीज घेतो, आणि बटण दाबलं की उठतो. मग प्रोग्रामने एलईडी काळे करावेत आणि झोपावं. एखाद्या साध्या सेन्सरसाठी हे उत्तम आहे. पण कंदिलात घोटाळा होतो तो एलईडींमुळे. या जातीच्या प्रत्येक एलईडीच्या पोटात एक छोटी चिप असते, आणि रंग पूर्ण काळा असला तरी ती तारेवर कान लावून बसलेली असते. तिचं हे बसणं सुमारे एक मिलिअँपियरचं. वीस एलईडींचे वीस मिलिअँपियर, अंधारात. २००० ला वीसने भागा. शंभर तास. म्हणजे दसऱ्याला कंदील बनवून, बघून, 'बंद' करून कपाटात ठेवलात, तर दिवाळीच्या किती आधी त्याचे सेल संपलेले असतील ते तुम्हीच मोजा. झोप आणि बंद यांत हा फरक आहे. मायक्रोकंट्रोलर झोपतो, पण त्याच्याभोवतीचं घर जागंच राहतं.

याच शहरात याच्या नेमकी उलट युक्ती एकदा यशस्वी झाली होती, आणि ती समजून घेतली तर आपलं सर्किट जास्त नीट कळतं. ब्लेचली पार्क आज मिल्टन कीन्सच्या हद्दीत येतं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या लॉरेन्झ यंत्राचे सांकेतिक संदेश फोडण्यासाठी तिथे कोलोसस हा संगणक आणला गेला. तो बांधला टॉमी फ्लॉवर्स या पोस्ट खात्याच्या इंजिनिअरने, लंडनच्या डॉलिस हिलमधल्या प्रयोगशाळेत. जानेवारी १९४४ मध्ये तो ब्लेचलीला पोचला. त्यात सुमारे १६०० व्हॉल्व्ह होते, आणि जूनमध्ये आलेल्या सुधारित यंत्रात २४००. तेव्हाच्या जाणकारांना वाटायचं की एवढे व्हॉल्व्ह असलेलं यंत्र चालूच शकणार नाही, रोज कुठला ना कुठला उडणार. फ्लॉवर्सचा अनुभव वेगळा होता. टेलिफोन एक्सचेंजमधले व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं सलग चालू असतात आणि क्वचितच जातात, हे त्याने पाहिलं होतं. व्हॉल्व्हला घातक असतं ते चालू-बंद करणं. म्हणून कोलोसस एकदा चालू केला की शक्यतो बंद करायचाच नाही असं ठरलं.

कारण साधं आहे. व्हॉल्व्हमधला तापतंतू थंड असताना त्याचा विरोध फार कमी असतो. बटण दाबताक्षणी त्यातून नेहमीच्या कितीतरी पट वीज धावते, तंतू झटक्याने तापतो, प्रसरण पावतो, आणि जिथे कच्चा असेल तिथे तुटतो. जुना पिवळा बल्ब बहुतेक वेळा लावतानाच का उडायचा, त्याचं उत्तरही हेच. ब्लेचलीच्या एच ब्लॉकमध्ये आज नॅशनल म्यूझियम ऑफ कम्प्युटिंग आहे आणि तिथे टोनी सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने उभारलेला कोलोसस चालताना बघता येतो. कधी इकडे आलात तर त्या खोलीतली ऊब अनुभवा. यंत्र बंद न करण्याची किंमत तिथे अंगाला जाणवते.

फ्लॉवर्सकडे सेलचा प्रश्न नव्हता, आपल्याकडे आहे. पण 'चालू होण्याचा क्षण हाच धोक्याचा' हे त्याचं म्हणणं लक्षात ठेवा, कंदिलात ते पुन्हा येणार आहे.

या दोन टोकांमधली वाट तुमच्या घरच्या जुन्या संगणकाने दाखवली. नव्वदीच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या पीसीचा खटका थेट मेनची वीज तोडायचा, आणि विंडोज ९५ बिचारं काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत 'आता बंद केलंत तरी चालेल' अशा अर्थाचा निरोप देऊन वाट बघत बसायचं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही रचना आणली. तेव्हापासून समोरचं बटण वीज तोडत नाही, फक्त मदरबोर्डला इशारा देतं. प्रोग्राम आवरतो, फायली बंद करतो, आणि मग मदरबोर्डच पॉवर सप्लायला थांबायला सांगतो. इशारा ऐकायला पाच व्होल्टची एक छोटी ओळ सदैव जागी ठेवलेली असते. भिंतीतून वीज येत असेल तर असा पहारेकरी पोसता येतो. तीन सेलवर नाही. आपल्या सर्किटमध्ये पहारेकरी नको, बटणानेच थेट दार उघडायला हवं.

आता कागद-पेन्सिल घ्या, चित्र तुम्हीच काढा.

दार म्हणजे पी-चॅनेल मॉसफेट. एओ३४०१ चालेल, किंवा अडीच व्होल्टला पूर्ण उघडणारा दुसरा कुठलाही. त्याला तीन पाय, सोर्स, ड्रेन आणि गेट. सोर्स सेलच्या धन टोकाला जोडा, ड्रेनपासून पुढे सगळा कंदील. सगळा म्हणजे सगळा, मायक्रोकंट्रोलरही आणि एलईडीही. नियम असा की गेटचं व्होल्टेज सोर्सइतकंच असलं की दार बंद, गेट खाली ओढलं की दार उघडं. सोर्स आणि ड्रेन यांची अदलाबदल मात्र करू नका. मॉसफेटच्या अंगातच एक डायोड असतो, उलटा लावलात तर त्यातून वीज कायम वाहत राहते आणि कंदील कधीच मालवत नाही.

गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १०० किलोओहमचा रेझिस्टर. हा आपला मूळ स्वभाव ठरवतो. कोणी काही केलं नाही तर गेट वर, दार बंद. गेटपासून दहा किलोओहमचा रेझिस्टर एका बिंदूपर्यंत न्या, त्याला 'अ' म्हणू. 'अ' जमिनीला टेकवला की दार उघडतं. (जमीन म्हणजे सेलचं ऋण टोक.) तो टेकवणारे दोघं आहेत. एक बटण. दुसरा बीसी५४७ ट्रान्झिस्टर, भारतात डिप्लोमाला असलेल्या प्रत्येकाच्या डब्यात पडलेला असतो तो. त्याचा कलेक्टर 'अ' ला, एमिटर जमिनीला, आणि बेस ४७ किलोओहममधून मायक्रोकंट्रोलरच्या एका पिनेला. या पिनेला 'धरणारी पिन' म्हणू. बेसपासून जमिनीपर्यंत आणखी एक १०० किलोओहमचा रेझिस्टर लावा. तो का, ते पुढे.

म्हणजे घडतं काय? तुम्ही बटण दाबता. 'अ' खाली जातो, दार उघडतं, मायक्रोकंट्रोलरला वीज मिळते, प्रोग्राम सुरू होतो. प्रोग्राम धरणारी पिन वर करतो, ट्रान्झिस्टर 'अ' ला खाली धरून ठेवतो. आता तुम्ही बोट काढलंत तरी दार उघडंच. बाहेरच्याने कडी काढून दिली आणि आतल्याने दार धरून ठेवलं. बंद व्हायचं असेल तेव्हा प्रोग्राम पिन सोडतो, १०० किलोओहम गेटला वर खेचतो, संपलं.

पण बंद करायची इच्छा प्रोग्रामला कळणार कशी? त्यासाठी तेच बटण त्याला वाचताही यायला हवं. 'अ' वरूनच वाचावं म्हटलं तर ट्रान्झिस्टरने तो आधीच खाली धरलेला आहे, बटण दाबलं काय आणि नाही काय, प्रोग्रामला सारखंच दिसणार. म्हणून बटण आणि 'अ' यांच्यामध्ये एक डायोड लागतो. बटणाचं एक टोक जमिनीला, दुसऱ्या टोकाला 'ब' म्हणा. 'अ' पासून 'ब' कडे वाहू देणारा एक डायोड. आणि मायक्रोकंट्रोलरच्या दुसऱ्या एका पिनेपासून, 'ऐकणारी पिन' म्हणू, 'ब' कडेच वाहू देणारा दुसरा डायोड. ऐकणाऱ्या पिनेचा आतला पुल-अप चालू ठेवा. बटण दाबलं की दोन्ही डायोडांतून वीज जमिनीकडे जाते. पहिल्याने दार उघडतं, दुसऱ्याने प्रोग्रामला बातमी कळते. सोडलं की दोघांचा एकमेकांशी संबंध राहत नाही.

दुसरा डायोड अनेक जण वाचवायला बघतात. तो का हवा, हे समजलं तर अर्धं सर्किट समजलं. कंदील बंद असताना मायक्रोकंट्रोलरला वीज नाही, पण 'अ' मात्र १०० किलोओहममधून सेलच्या व्होल्टेजला टेकलेला आहे. दुसरा डायोड नसेल तर ती वीज पहिल्या डायोडातून 'ब' वर, तिथून ऐकणाऱ्या पिनेत शिरते. आणि प्रत्येक पिनेच्या आत संरक्षणासाठी ठेवलेला एक छोटा डायोड असतो, त्यातून ती थेट मायक्रोकंट्रोलरच्या वीजवाहिनीवर पोचते. पुढचं दार बंद आणि मागचं उघडं! शिवाय या गळतीमुळे गेट सोर्सच्या खाली ओढलं जातं आणि मॉसफेट अर्धवट उघडतो. कंदील ना धड चालू, ना धड बंद. एलईडी लुकलुकतात, मायक्रोकंट्रोलर उठतो-पडतो. डायोड साधे १एन४१४८ घ्या. शॉट्की डायोड एरवी छान, पण उलट्या दिशेने ते जास्त गळतात आणि इथे आपण मायक्रोअँपियर मोजतोय.

ब्रेडबोर्डवर हे सगळं आडव्या-उभ्या ओळींत बसतं. मिल्टन कीन्समध्ये मोठ्या रस्त्यांना एच आणि व्ही असे आडवे-उभे क्रमांक आहेत, त्यामुळे इथे राहणाऱ्याला ब्रेडबोर्ड वेगळा शिकवावा लागत नाही. फक्त चौकाचौकांत गोल चक्कर नाही एवढंच.

आता फ्लॉवर्सकडे परत. एलईडींना सांभाळायला त्यांच्या वीजवाहिनीवर मोठा कपॅसिटर लावतात, आपल्याकडे ४७० मायक्रोफॅरॅड. तो रिकामा असताना मॉसफेट एकदम उघडला तर क्षणभर तो कपॅसिटर म्हणजे जवळजवळ शॉर्ट सर्किटच. सेलच्या अंगचा विरोध सोडला तर अडवायला काही नाही, काही अँपियरचा झटका बसतो. हा व्हॉल्व्हचा तंतू नाही, लगेच तुटणार नाही. पण त्या झटक्याने सेलचं व्होल्टेज कोसळतं, आणि मायक्रोकंट्रोलर जन्मतानाच धडपडतो. म्हणून दार हळू उघडायचं. गेट आणि ड्रेन यांच्यामध्ये २२० नॅनोफॅरॅडचा कपॅसिटर लावा. मघाचा दहा किलोओहम आणि हा कपॅसिटर मिळून ड्रेनचं व्होल्टेज तीन-चार मिलिसेकंदांत सावकाश चढवतात, आणि झटका एका अँपियरच्या आत येतो. डोळ्याला काही फरक कळत नाही. सेलला कळतो.

प्रोग्राम लहानसा आहे, पण त्यात चार-पाच गोष्टींचा क्रम महत्त्वाचा. सुरू झाल्याबरोबर धरणारी पिन वर करायची घाई नको. आधी ऐकणाऱ्या पिनेकडे अर्धा सेकंद बघत राहा. तेवढा वेळ बटण सलग दाबलेलं राहिलं तरच धरा, नाहीतर काहीच करू नका. काहीच केलं नाही तर बोट निघाल्यावर वीज आपोआप जाते. या एका नियमाने तीन दुखणी मिटतात. पिशवीत चुकून क्षणभर दाबलं गेलेलं बटण कंदील लावत नाही. सेल घालताना गेटच्या कपॅसिटरमुळे दार क्षणभर उघडतं, तेही निभावतं. आणि बटणाची थरथरही. कुठलंही बटण दाबताना-सोडताना त्याच्या पट्ट्या काही मिलिसेकंद एकमेकींवर आपटत राहतात, आणि बोट निघण्याच्या त्या क्षणी नुकताच बंद झालेला कंदील पुन्हा लागू शकतो. अर्धा सेकंद सलग दाबणं म्हणजे थरथर नव्हे, हे प्रोग्रामला पक्कं ठाऊक आहे.

धरल्यानंतर, बंद करायची खूण शोधण्याआधी, बटण एकदा सुटू द्या. नाहीतर लावण्यासाठी दाबून ठेवलेलं बोट तुम्हालाच मालवायचा हुकूम वाटेल. मग कंदील चालू दे. दीड सेकंद दाबून धरलं, किंवा तीन तास झाले, किंवा सेलचं व्होल्टेज ३.६ च्या खाली गेलं, की आवरायला घ्या. (एटीमेगाच्या आत १.१ व्होल्टचा एक संदर्भ असतो, त्याच्याशी ताडून तो स्वतःचंच व्होल्टेज मोजू शकतो. वेगळे रेझिस्टर लागत नाहीत.)

आवरणं म्हणजे काय, ते इथे बघण्यासारखं आहे. घरात आजी दिवा 'विझव' म्हणत नाही, 'मालव' म्हणते, देवघरातला असेल तर 'शांत कर'. शुभाशुभाची भावना त्यात आहेच, पण इंजिनिअरला त्या शब्दांचा सरळ अर्थ घेता येतो. आधी उजेड अर्ध्या सेकंदात मंद करा. ठरवलेला रंग आणि उजेड ईईप्रॉममध्ये लिहा. एक बाइट लिहायला तीन-साडेतीन मिलिसेकंद लागतात, आणि नेमकी त्या वेळात वीज गेली तर अर्धवट लिहिलेला आकडा उरतो. पुढच्या वेळी कंदील भलत्याच रंगात उठेल, इतकंच नुकसान. रास्पबेरी पायसारख्या संगणकात मात्र कार्डावर लिहिताना वीज गेली तर आख्खं कार्ड बिघडू शकतं. २०२३ चा पाय ५ येईपर्यंत त्याच्या मुख्य बोर्डांवर पॉवरचं बटणच नव्हतं, लोक वायर उपटायचे, आणि मग कार्ड का गेलं म्हणून डोकं धरून बसायचे.

लिहून झालं की धरणारी पिन सोडा. पण गंमत अशी की बंद करण्यासाठी तुमचं बोट अजून बटणावरच असेल, तर दार अजून उघडंच आहे, कारण बटणही 'अ' ला खाली धरतंय. तेव्हा एलईडी काळे ठेवून प्रोग्रामने एका रिकाम्या चकरेत बोट निघायची वाट बघायची, आणि त्या चकरेतून बाहेर यायचंच नाही. बोट निघालं की वीज जाते आणि चक्करही तिच्याबरोबर.

आता तो १०० किलोओहम, बेसपासून जमिनीपर्यंतचा. मायक्रोकंट्रोलर नुकताच उठतो आहे, किंवा रीसेट झाला आहे, तेव्हा त्याच्या पिना कशालाच धरून नसतात, हवेत तरंगतात. तरंगणाऱ्या पिनेवर ट्रान्झिस्टर चालू की बंद हे नशिबावर. हा रेझिस्टर सांगतो, कोणी स्पष्टपणे धरत नसेल तर सोडलेलंच समज. सगळं सर्किट एकाच बाजूला झुकवलंय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. गेटवरचा रेझिस्टर बंदच्या बाजूने, बेसवरचा बंदच्या बाजूने. चालू राहण्यासाठी कोणालातरी सतत, जाणीवपूर्वक काम करावं लागतं.

आणि तरीही एक भोक उरतं. प्रोग्राम अडकला, पण पिन वर असतानाच अडकला, तर? मग बटण कितीही दाबा, ऐकणारा नाही आणि धरणारा सोडत नाही. संगणकात याची सोय असते, बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं की प्रोग्रामला न विचारता वीज तोडली जाते. माणसाचा शब्द शेवटचा. माझ्या मते एका बटणाच्या कुठल्याही यंत्राची खरी परीक्षा इथेच होते, चालू-बंद तर सगळेच होतात. तुमच्या घरात एखादं असं उपकरण असेल की जे गोठल्यावर सेल उपसूनच काढावे लागतात, तर ते बनवणाऱ्याने ही परीक्षा दिलेली नाही. सेल आतच चिकटवलेले असतील तर मग बोलायलाच नको.

कंदिलात यावर स्वस्त उपाय आहे. एटीमेगाच्या आत वॉचडॉग नावाचा टायमर असतो. प्रोग्रामने त्याला ठराविक वेळात 'मी ठीक आहे' असं सांगत राहायचं, नाही सांगितलं तर तो मायक्रोकंट्रोलर रीसेट करतो. तो दोन सेकंदांवर लावा. प्रोग्राम अडकला की दोन सेकंदांनी रीसेट, पिना तरंगतात, बेसवरचा रेझिस्टर ट्रान्झिस्टर बंद करतो, दार लागतं. म्हणजे वेडा झालेला कंदील आपोआप मालवतो. एक काळजी घ्या, मघाच्या रिकाम्या चकरेतही वॉचडॉगला गोंजारत राहायचं. नाहीतर कोणी हौसेने बटण पाच सेकंद दाबून धरलं तर रीसेट होऊन, 'अर्धा सेकंद दाबलेलं आहे' असं बघून, कंदील पुन्हा लागेल. एलटीसी२९५४ सारख्या तयार चिपमध्ये थरथर, इशारा आणि जबरदस्तीने बंद करणं हे सगळं एकत्र मिळतं. विकायचं उपकरण बनवत असाल तर तीच वापरा. शिकायचं असेल तर नको.

बटणच कशाखाली तरी कायम दाबलं गेलं तर मात्र प्रोग्राम काही करू शकत नाही, दार उघडंच राहतं. म्हणून बटण कंदिलाच्या बुडाला, थोडं आत बसवलेलं असू द्या. आणखी एक. प्रोग्राम भरायला संगणकाच्या यूएसबीवरून वीज देणार असाल तर आधी सेल काढा. तेव्हा ड्रेन सोर्सपेक्षा वर जातं, मॉसफेटच्या अंगातल्या डायोडातून वीज उलटी सेलमध्ये शिरते, आणि अल्कलाइन सेल चार्ज करायचे नसतात.

शेवटी मोजून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका. सेलचं धन टोक आणि मॉसफेटचा सोर्स यांच्यामध्ये तात्पुरता दहा किलोओहमचा रेझिस्टर घाला, बटणाला हात न लावता मिनिटभर थांबा, आणि साध्या मल्टिमीटरने त्या रेझिस्टरवरचं व्होल्टेज मोजा. एका मायक्रोअँपियरला दहा मिलिव्होल्ट दिसतील. त्याच्या आत आकडा आला तर सर्किट बरोबर आहे. शेकडो मिलिव्होल्ट दिसले तर आधी दुसरा डायोड उलटा लागलाय का ते बघा. एका मायक्रोअँपियरने २००० मिलिअँपियर-तास संपायला दोनशेहून जास्त वर्षं लागतील, म्हणजे हा आकडा आता सेलच्या आयुष्याला लागू नाही, सेल त्याच्या कितीतरी आधी आपल्या आपणच मरतील. आणि मरताना अल्कलाइन सेल पाझरतात, पत्रे खाऊन टाकतात. त्यामुळे तुळशीचं लग्न झाल्यावर कंदील पुढच्या वर्षासाठी पेटीत ठेवाल तेव्हा सेल काढूनच ठेवा.